डीलरनं तोंड कधी उघडावं?

२००९ चा जुलै महिना. लास वेगासमधल्या रिओ हॉटेलात ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा चालू होती आणि एका टेबलावर फिल आयव्ही बसला होता. त्या काळात जगातला सर्वांत जाणता पोकरपटू कोण असं विचारलं, तर बहुतेक जण त्याचंच नाव घेत. एक डाव शेवटाला आला. समोरच्या खेळाडूनं पानं उघडी केली, आयव्हीनं ती पाहिली आणि आपली दोन पानं पालथीच पुढे सरकवली. ती टाकलेल्या पानांत गेली, पॉट, म्हणजे डावात जमलेली सगळी रक्कम, समोरच्याला मिळाली, पुढचा डाव सुरू झाला. टेबलाला बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याला मात्र आयव्हीची पानं दिसली होती. त्याचा फ्लश झाला होता. तीन पत्तीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ‘कलर’. जिंकलेला डाव त्यानं स्वतःच फेकून दिला होता.

हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पानं वाटणाऱ्या डीलरबद्दल. इतकं समोर घडत असताना तो गप्प कसा बसला? तर तो आपलं काम करत होता. पालथी पानं उचलून बघण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि चुकून नजर पडली असती, तरी ‘अहो, तुम्ही जिंकलाय’ असं म्हणण्याची मुभाही नव्हती. पोकरमध्ये उघडं पान सगळ्या टेबलाचं असतं, पालथं पान एकट्या मालकाचं. डीलरनं कधी बोलावं आणि कधी ओठ मिटून बसावं, याचा बराचसा हिशेब या एका रेघेवर उभा आहे. पण बराचसाच. कारण रेघेच्या दोन्ही बाजूंना वादाची भरपूर जागा आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांतले पोकरमधले काही गाजलेले वाद तिथेच झाले आहेत.

मराठी घरात दिवाळीच्या रात्री तीन पत्ती बसते तेव्हा वाटणारा असा वेगळा कुणी नसतो. ज्याची पाळी तो कॅट पिसतो, शेजारचा कापतो. भांडण झालंच तर एखादे काका किंवा आत्या निकाल देतात आणि तोही मान्य नसेल तर फराळाचं ताट पुढे येतं. कॅसिनोतलं पोकर तसं चालत नाही. तिथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात; कॅसिनो डावात नसतोच, तो प्रत्येक पॉटमधून थोडा वाटा किंवा स्पर्धेचं शुल्क घेतो. टेबलाच्या मध्यभागी बसलेला डीलर हा पगारी माणूस. तो पानं पिसतो, वाटतो, कुणाची पाळी आहे ते दाखवतो, चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) मोजतो, पॉट विजेत्याकडे लोटतो. टेक्सस होल्डेम या सर्वांत लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात, मधे पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडली जातात आणि दर टप्प्याला बोली लागते. बोलीसमोर खेळाडू पानं टाकतो म्हणजे फोल्ड करतो, बरोबरी करतो म्हणजे कॉल करतो, किंवा रक्कम वाढवतो म्हणजे रेज करतो.

पूर्वी अमेरिकेतही सगळीकडे असे पगारी डीलर नव्हते. लॉस एंजेलिसजवळच्या गार्डेना गावातले कार्ड क्लब ड्रॉ पोकर या प्रकारासाठी प्रसिद्ध होते आणि तिथे खेळाडूच आळीपाळीनं पानं वाटत. वाटणाऱ्याच्या हातचलाखीवर बाकीच्यांनीच लक्ष ठेवायचं. जुन्या पोकरच्या कथांमध्ये वरचं पान जागेवर ठेवून दुसरं वाटणारे बिलंदर भेटतात, ते उगाच नाही. पगारी डीलर आला त्यामागे वेग हे एक कारण होतं आणि विश्वास हे दुसरं. म्हणून आजही तो टेबलावरून उठताना दोन्ही तळवे एकमेकांवर झाडून वर उघडे दाखवतो: छतावरच्या कॅमेऱ्या, बघ, हातात काही लपवलेलं नाही.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला डीलरची भूमिका पंचावरून चटकन समजेल. क्रिकेटच्या नियमावलीतला एकतिसावा नियम सांगतो की क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊ शकत नाही. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, पंचानं स्पष्ट ऐकलं, पण कुणी ओरडलंच नाही, तर फलंदाज नाबाद. नो-बॉल आणि वाइड मात्र पंच स्वतःहून देतो, त्यासाठी कुणी विचारायची वाट पाहत नाही. पोकरच्या डीलरच्या कामाचीही अशीच वाटणी आहे. काही गोष्टी त्याच्या नो-बॉल, काही गोष्टी अपिलाच्या. त्याची खरी परीक्षा कोणती गोष्ट कुठल्या खात्यातली, हे क्षणात ओळखण्यात असते.

नो-बॉलच्या खात्यातलं सर्वांत ठळक उदाहरण ‘स्ट्रिंग बेट’चं. एखादा खेळाडू चिप्सचा एक ढीग पुढे ठेवतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो, चेहरा पडलेला दिसला की हात मागे नेऊन आणखी चिप्स आणतो. याला मनाई आहे. बोली एकाच हालचालीत लावायची, नाहीतर आधी तोंडानं आकडा सांगायचा. बॉब सियाफोन या जाणकारानं संकलित केलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत डीलरसाठी स्पष्ट सूचना आहे, की असा उघड प्रकार कुणी विचारण्याची वाट न पाहता त्यानंच थांबवावा. यामागचं कारण व्यवहारी आहे. हरकत खेळाडूनं घ्यायची म्हटली, तर ती घेण्यातूनच त्याच्या हातात काय आहे ते फुटतं. ज्याला समोरच्याचे जास्त पैसे पॉटमध्ये यायला हवेत तो मुकाट बसेल. ज्याचा हात कच्चा आहे तोच ‘स्ट्रिंग! स्ट्रिंग!’ म्हणून ओरडेल. डीलर दर वेळी न चुकता बोलला, की हा चोरून मिळणारा अंदाज बंद होतो.

सिनेमातला नायक ‘तुझे दहा हजार कॉल... आणि वर माझे पन्नास हजार!’ असं म्हणतो ना, तेही खऱ्या टेबलावर चालत नाही. ‘कॉल’ हा शब्द तोंडातून सुटला तिथे त्याची बोली संपली. डीलर पुढचे पन्नास हजार शांतपणे त्याच्याकडे परत सरकवील.

असाच एक चिपचा नियम नवख्यांना हमखास चकवतो. समोर शंभरची बोली आहे आणि खेळाडूनं काही न बोलता हजारची एकच चिप पुढे टाकली, तर ती रेज धरत नाहीत, नुसता कॉल धरतात. त्यानं मनात काय ठरवलं होतं याला किंमत नाही. इथे डीलरनं लगेच, मोठ्यानं ‘कॉल’ म्हणायचं आणि सुटे परत द्यायचे. दोन सेकंद उशीर झाला तर पुढचा खेळाडू रेज समजून पानं टाकून मोकळा होतो आणि मग निस्तरणं अवघड जातं.

बोललेला शब्द बांधून ठेवतो, पण तो नेमका काय बोलला गेला यावरच भांडण झालं तर? २०११ साली माद्रिदला युरोपियन पोकर टूरची अंतिम स्पर्धा झाली. तिथे व्हेनेझुएलाच्या इव्हान फ्रेइतेझनं ‘रेज’ म्हटलं आणि लगेच, आपल्याला कॉल म्हणायचं होतं, इंग्रजीत गोंधळ झाला, असा सूर लावला. पर्यवेक्षकानं नियमाप्रमाणे त्याला किमान रकमेचं रेज करायला लावलं. समोरच्यानं कॉल केला, आणि फ्रेइतेझची पानं उघडली तेव्हा हात भलताच जबरदस्त निघाला. पुढे स्पर्धाही त्यानंच जिंकली. ती गल्लत होती की सापळा, हे ज्याचं त्याला माहीत. पोकरची मंडळी अशा चालीला ‘अँगल’ म्हणतात: नियम न मोडता, नियमाच्या कोपऱ्यात उभं राहून समोरच्याला गंडवणं. डीलरला हेतू ओळखायचा नसतो. त्यानं ऐकला तोच शब्द सांगायचा आणि वर बोलवायचं.

हे ‘वर बोलवणं’ म्हणजे ‘फ्लोअर!’ अशी हाक. फ्लोअर म्हणजे पोकर रूमचा पर्यवेक्षक. डीलर वादाचा निकाल देत नाही, शिक्षा तर मुळीच देत नाही. तो डाव थांबवतो, पानं आणि चिप्स आहेत तिथे राहू देतो आणि काय घडलं ते क्रमानं सांगतो. कुणाची बाजू न घेता सांगणं दिसतं तितकं सोपं नाही. ‘यांनी चिप्स मागे घेतल्या’ आणि ‘यांचा हात मागे गेला’ या दोन वाक्यांत निकालाएवढा फरक पडू शकतो.

फ्लोअरनं कशाच्या आधारे निकाल द्यायचा, हा प्रश्न २००१ पर्यंत मोठा होता. प्रत्येक कॅसिनोचे नियम वेगळे. एका ठिकाणी चालणारी गोष्ट रस्त्यापलीकडे गुन्हा ठरायची. त्या वर्षी मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्ह लॅम्ब यांनी स्पर्धा-संचालकांची संघटना स्थापन केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीडीए म्हणतात. वेळ अगदी नेमकी साधली गेली. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या टेनेसीतल्या अकाउंटंट असलेल्या हौशी खेळाडूनं ८३९ खेळाडूंमधून वर्ल्ड सिरीज जिंकली आणि पोकरचा पूर आला. २००६ मध्ये त्याच स्पर्धेत ८,७७३ जण उतरले. टीव्ही पाहून शिकलेले, घरच्या टेबलाच्या सवयी घेऊन आलेले हजारो लोक आणि त्यांच्यासमोर घाईघाईनं तयार केलेले डीलर. नियम लिहून काढल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

टीडीएच्या पहिल्याच नियमात मात्र एक खिडकी उघडी ठेवली आहे. विलक्षण परिस्थितीत नियमाच्या शब्दापेक्षा न्याय आणि खेळाचं हित मोठं, असं तो सांगतो. ती खिडकी किती उघडायची, यावरून २०१२ मध्ये जे झालं त्याची चर्चा अजून संपलेली नाही.

वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत तेव्हा शेवटचे काही दिवस चालू होते. फ्रान्सच्या गाएल बाउमननं ६०,००० चिप्सचं रेज केलं होतं. तिच्या हातात दोन राजे होते. हंगेरीचा आंद्राश कोरोक्नाई याच्या ते रेज लक्षातच आलं नाही. त्यानं सगळ्या चिप्स पणाला लावल्या, म्हणजे ऑल-इन केलं. त्याच्या पलीकडच्यानं पानं टाकली, तसं कोरोक्नाईला वाटलं की सगळेच गेले आणि आपण जिंकलो. त्यानं आपली पानं टाकूनही दिली. बाउमन अजून बसलेलीच होती; तिची पाळी यायची होती.

आता काय करायचं? कडक नियमानं बघितलं तर कोरोक्नाईकडे पानंच नाहीत, पण सगळ्या चिप्स बोलीत आहेत. बाउमन दोन राजे घेऊन कॉल म्हणाली असती तर तो तिथल्या तिथे स्पर्धेबाहेर. दुसऱ्या बाजूनं, ती कॉल म्हणण्याआधीच त्याचा हात मेला, म्हणजे बाद झाला होता. मेलेल्या हाताला कॉल कसा करणार? फ्लोअरला बोलावलं गेलं, बराच खल झाला, आणि निकाल असा लागला की कोरोक्नाईनं फक्त बाउमनच्या रेजइतक्या, म्हणजे ६०,००० चिप्स गमवायच्या. बाकीच्या त्याच्याकडे परत.

त्याच चिप्सवर खेळत कोरोक्नाई अंतिम टेबलापर्यंत पोहोचला आणि सहावा आला. बाउमन दहावी आली. अंतिम टेबलावर जागा नऊच असतात. १९९५ मध्ये बार्बरा एनराइट त्या टेबलावर बसली होती, त्यानंतर तिथे पोहोचणारी पहिली स्त्री होण्याची बाउमनची संधी एका खुर्चीनं हुकली. (ती खुर्ची अखेर २०२५ मध्ये स्पेनच्या लिओ मार्गेत्सनं मिळवली.)

निकालावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. फ्लोअरनं न्यायाची खिडकी उघडली हे योग्यच झालं असं मानायला जागा आहे, कारण कोरोक्नाईनं कुणाला फसवायचा प्रयत्न केला नव्हता, आणि पानं टाकून आपलंच नुकसान करून घेण्यात कसली चलाखी? पण खरा प्रश्न त्याच्या काही सेकंद आधीचा आहे. ऑल-इन झाल्यावर एक खेळाडू अजून डावात आहे, हे टेबलावर ज्याला नक्की ठाऊक असायला हवं असा माणूस म्हणजे डीलर. रेज झालं की ते मोठ्यानं सांगायचं, पाळी कुणाची आहे तिकडे हात करायचा, आणि कुणी वेळेआधी पानं ढकलताना दिसलं तर तळवा आडवा धरून ‘थांबा, डाव चालू आहे’ म्हणायचं. यानं कुणाची पानं उघडी पडत नाहीत, कुणाला सल्ला मिळत नाही. डाव कुठवर आलाय एवढंच सगळ्यांना एकदम कळतं. अशा वेळी डीलरनं खुशाल ओरडावं. अर्थात बोलणं सोपं आहे. पान पुढे यायला अर्धा सेकंद लागतो आणि डीलरला दोनच डोळे असतात.

पानं सांभाळण्याची जबाबदारी शेवटी खेळाडूचीच, असं टीडीएचा नियम बजावतो. डीलरनं चुकून एखाद्याची पानं ओढून घेतली आणि ती नक्की ओळखता येईनात, तर खेळाडूला दाद मागायची सोय नाही. वर्ल्ड सिरीजच्याच एका मुख्य स्पर्धेत एस्तेल देनी या फ्रेंच टीव्ही निवेदिकेचे दोन एक्के डीलरनं असेच गोळा करून टाकले. दोन एक्के, म्हणजे होल्डेममधला सुरुवातीचा सर्वोत्तम हात, आणि निकाल: हात मेला. हा नियम क्रूर वाटतो, पण तो नसता तर हरलेला प्रत्येक जण ‘माझेही एक्केच होते’ म्हणाला असता. म्हणून मुरलेले खेळाडू पानांवर एखादी चिप, नाणं, छोटी मूर्ती असं काहीतरी वजन ठेवतात. डीलरच्या अगदी डाव्या-उजव्या हाताला बसणारे तर हटकून.

आता अपिलाच्या खात्याकडे. नो-लिमिट, म्हणजे बोलीला मर्यादा नसलेल्या पोकरमध्ये पॉटमध्ये एकूण किती चिप्स जमल्या, हे डीलरला विचारलं तरी तो मोजून सांगत नाही. पॉट-लिमिट प्रकारात मात्र सांगतो, कारण तिथे बोलीची मर्यादाच पॉटवर ठरते. समोरच्यानं ऑल-इन केलं तर ज्याची पाळी आहे त्यानं विचारल्यावर डीलर चिप्स मोजतो. कुणी न विचारता मोजत नाही. आणि गंमत बघा, त्यानं मोजताना चूक केली तरी भरपाई खेळाडूलाच करावी लागते. आकडा चुकीचा सांगितला गेला आणि खेळाडूनं ‘कॉल’ म्हटलं, तर खरी रक्कम जी असेल ती त्यानं मान्य केली असं धरलं जातं. टीडीएचं म्हणणं असं, की पोकर हा डोळे उघडे ठेवून खेळायचा खेळ आहे. जुन्या स्टड पोकरमध्ये तर याहून बारीक फरक आहे. तिथे काही पानं उघडी असतात. उघड्या पानांत जोडी दिसली तर डीलर ती जाहीर करतो, पण फ्लश किंवा सरळ क्रम जुळत आलेला दिसला तरी अवाक्षर काढत नाही. दिसतं ते सांगायचं, त्यावरून काय होऊ शकतं ते सांगायचं नाही.

शेवटी पानं उघडतात तेव्हा हा सगळा मौनाचा कारभार उलटा होतो. दोन्ही पानं एकदा टेबलावर उताणी पडली की ती पानंच बोलतात. खेळाडू ‘माझी जोडी फक्त’ म्हणाला आणि पानांत फ्लश असेल, तर तो फ्लशच. डीलरनं तो वाचून सांगायलाच हवा, आणि डीलरची नजर चुकली तर टेबलावरच्या कुणीही बोलायला हवं, मग तो डावात असो वा नसो. उघडा पडलेला विजयी हात डीलर मारू शकत नाही. आयव्हीनं ती दोन पानं पालथी न सरकवता नुसती उलटून टाकली असती, तर आपण काय जिंकलोय हे न कळताही तो पॉट त्याचाच होता. स्पर्धेत ऑल-इन झालेल्या डावात सगळ्यांची पानं लगेच उघडायला लावतात त्यामागचं कारण मात्र वेगळं आहे. दोन दोस्तांनी आपसांत ठरवून एकाच्या चिप्स दुसऱ्याकडे वळत्या केल्या, तर ते सगळ्यांना दिसावं. तिथे कुणी पानं दाबून धरली, तर डीलरनं ती मागायचीच.

‘एका हाताला एकच खेळाडू’ हाही डीलरनं स्वतःहून राखायचा नियम. मागे उभा राहिलेला मित्र खांद्यावरून वाकून ‘टाक रे’ म्हणाला, की डीलरनं तिथेच अडवायचं. भाषेचा नियमही याच जातीचा. डाव चालू असताना टेबलावर आयोजकांनी जाहीर केलेल्याच भाषेत बोलायचं, उदाहरणार्थ इंग्रजीत. गोव्यातल्या टेबलावर पुण्याचे दोघं मित्र शेजारी बसले, समोर बंगळुरू आणि दिल्लीचे खेळाडू, आणि मधेच एकानं मराठीत ‘काय करतोस, सोड की’ म्हटलं, तर त्यात कपट नसेलही. पण बाकीच्यांना ते कळलं नाही, एवढ्यानंच नियम मोडला. डीलरला स्वतःला मराठी येत असेल तर त्याची अडचण आणखी मजेशीर: त्याला कळलंय की वाक्य निरुपद्रवी आहे, तरी टोकावं लागतं.

वेळकाढूपणाच्या बाबतीत मात्र डीलरचे हात बांधलेले असतात. कुणी फार वेळ घेतोय असं वाटलं तर टेबलावरच्या खेळाडूनं ‘क्लॉक’ मागायचं. मग टीडीएच्या नियमानुसार फ्लोअर जास्तीत जास्त पंचवीस सेकंद आणि वर पाचची उलटी मोजणी देतो. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रिटनच्या विल कासूफनं या व्यवस्थेची पार दमछाक केली. तो प्रत्येक डावात अखंड बोलायचा आणि निर्णयाला मिनिटंच्या मिनिटं घ्यायचा. एका डावात त्यानं अमेरिकेच्या स्टेसी मॅट्युसनला इतकं बोलबोलून भंडावलं की तिनं दोन राण्या टाकून दिल्या. त्यानं पानं दाखवली तर सर्वांत मोठं पान नव्वी! स्पर्धेचे संचालक जॅक एफेल यांना टेबलावर यावं लागलं, ताकीद झाली, कासूफला शिक्षाही झाली. अखेर तो सतरावा आला: त्याचे दोन राजे, समोर ग्रिफिन बेंजरचे दोन एक्के.

त्या प्रकरणात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. दोघंच डावात उरले असताना समोरच्याशी बोलणं हा पोकरचाच भाग आहे; त्यावर तुटून पडायची गरज नव्हती. वेळेचं तसं नाही. स्पर्धेत ब्लाइंड्स, म्हणजे सक्तीच्या बोल्या, घड्याळाप्रमाणे वाढत जातात. एकजण चार मिनिटं खाऊन बसला तर उरलेल्या सगळ्यांचे डाव कमी होतात. पण क्लॉक मागणारा वाईट दिसतो म्हणून लोक गप्प राहतात आणि डीलरला तर मागता येत नाही. पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीजनं वेळेचे नियम कडक केले. वर्ल्ड पोकर टूरनं २०१७ पासून डीलरसमोर तीस सेकंदांचं घड्याळच ठेवलं: ना अपील, ना रुसवा. कासूफ मात्र कासूफच राहिला. २०२५ च्या मुख्य स्पर्धेत वारंवार ताकीद मिळून तो बाद झाला, तेव्हा त्या वर्षीच्या उरलेल्या मालिकेसाठी त्याला बाहेर ठेवण्यात आलं.

काही प्रसंगांत कुठल्या नियमाखाली बोलावं हे शोधण्याचीही गरज पडत नाही. जानेवारी २०१६ मध्ये बहामाजमधल्या स्पर्धेत अँटोनियो एस्फांदियारी पन्नास हजार डॉलरच्या पैजेपायी अठ्ठेचाळीस तास गुडघा वाकवून, लांब ढांगा टाकतच चालत होता. पाय इतके भरून आले की शौचालयापर्यंत जायचं टाळण्यासाठी त्यानं टेबलाखाली बाटलीत लघवी केली. त्याला स्पर्धेतून काढलं.

इतके नियम असूनही डीलर पुष्कळदा बोलत नाही, याचं एक कारण कुठल्याच नियमावलीत सापडणार नाही. लास वेगासमध्ये डीलरचा मूळ पगार तुटपुंजा असतो, घर चालतं ते टिपांवर. पॉट जिंकणारा खेळाडू एखाद-दुसऱ्या डॉलरची चिप त्याच्याकडे टाकतो. म्हणजे ज्यानं शिस्त लावायची, तो ज्याला शिस्त लावायची त्याच्याकडूनच पोट भरतो. रोज येणारा, सढळ हातानं टीप देणारा बडा खेळाडू पाळी सोडून बोलला किंवा हरल्यावर पानं डीलरच्या अंगावर भिरकावली, तर हाक मारायची की गिळायचं? अर्ध्या तासानं टेबल बदलतं, तेवढी कळ काढली की झालं, असा हिशेब करणारे डीलर असतात आणि त्यांना नावं ठेवणं अवघड आहे. ज्या पोकर रूममध्ये फ्लोअर हाकेला धावून येतो आणि बड्या गिऱ्हाइकापुढेही डीलरच्या पाठीशी उभा राहतो, तिथले डीलर बोलतात. बाकी ठिकाणी ते पानं वाटतात.

महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या खेळाडूला माणूस-डीलर भेटतो तो गोव्यात. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यातल्या दुरुस्त्यांनुसार पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि समुद्रात किंवा नदीत नांगरलेल्या जहाजांवर टेबलावरचे खेळ अशी विभागणी आहे. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या ‘डेल्टिन रॉयल’ जहाजावर २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूरचा भारतातला पहिला मुक्काम झाला. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी असल्यानं टेबलाभोवती बसलेले बहुतेक सगळे बाहेरून आलेले असतात आणि त्यांतले पुष्कळ जण मोबाइलवर शिकलेले.

मोबाइलवर डीलर नसतो, नियम मोडायची सोयही नसते. पाळी नसताना बटणच दाबलं जात नाही, स्ट्रिंग बेट करताच येत नाही, वेळ संपली की पानं आपोआप जातात, आणि शेवटी हात कुणाचा मोठा ते यंत्र स्वतः वाचून पॉट देऊन टाकतं. आयव्हीचा फ्लश तिथे वाया गेलाच नसता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि कंपन्यांनी ते खेळ थांबवले. तिथे हजारो डाव खेळलेला माणूस आता मांडवीतल्या जहाजावर पहिल्यांदा खऱ्या टेबलाशी बसतो. हजारची एकच चिप न बोलता पुढे टाकतो, आणि डीलर ‘कॉल’ म्हणून सुटे परत करतो तेव्हा गोंधळून त्याच्याकडे बघतो. डाव संपतो. समोरचा दोन जोड्या उघड्या टाकतो. आपली पानं त्यानं अजून हातात धरली आहेत, आणि यंत्राच्या सवयीनं तो वाट बघतोय की कुणीतरी ती वाचेल. डीलरही वाट बघतोय, हात टेबलावर ठेवून, काही न बोलता.